गॅलरीत बुलबुलाचं घरटं, आता महिनाभर कपडे कुठे वाळत घालू?

सावनी_को | ३ एप्रिल, रात्री ९:४०

मंडळी, मी पक्षीनिरीक्षक वगैरे अजिबात नाही. चिमणी, कावळा, कबूतर, पोपट एवढ्यावर माझं ज्ञान संपतं. कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. गॅलरीत कुंडीतून चढवलेली मधुमालती आहे आणि तिच्या पुढ्यातच कपड्यांच्या दोऱ्या.

पाडव्याला संध्याकाळी गुढी उतरवायला गेले, तर काळ्या तुऱ्याचा आणि शेपटीखाली लालभडक असलेला एक पक्षी गुढीच्या सुतळीचा सुटलेला धागा चोचीत धरून झटके देत होता. मला बघून उडाला. पाच मिनिटांत परत हजर, सोबत दुसरा. तेव्हापासून दोघांचं एकच चाललंय. बारीक मुळ्या, काड्या, वाळकी पानं, कोपऱ्यातली जळमटं (जी काढ म्हणून सासूबाई दिवाळीपासून मागे लागल्यात, वाचली बिचारी) आणि चक्क दुधाच्या पिशवीची एक पट्टी. चार दिवसांत मुठीएवढी वाटी तयार झाली. शेजारचे काका म्हणाले, लालबुड्या बुलबुल.

आता माझी पंचाईत अशी की वाटी दोरीपासून हातभर अंतरावर आहे. वेलाला रोज पाणी घालावं लागतं. लेक सहा वर्षांची, तिला दर दहा मिनिटांनी स्टुलावर चढून बघायचंय. सासूबाई म्हणतात शुभ आहे, नवरा म्हणतो घाण होईल. काय करू?

पेठेतला | ३ एप्रिल, रात्री १०:०२

कपडे गच्चीवर. प्रश्न सुटला. चर्चेचा धागा बंद करावा.

टेकडीवाला | ३ एप्रिल, रात्री १०:५५

पेठेतला यांना अनुमोदन, फक्त धागा बंद करू नका :)

सावनी, बुलबुल माणसाला सरावलेला पक्षी आहे, म्हणूनच तुमची गॅलरी निवडली. तिथे मांजर येत नाही, शिकऱ्यासारखा शिकारी पक्षी सहज शिरत नाही, एवढा हिशोब त्यांनी केलेला असतो. पण हे पहिले दिवस नाजूक. घरटं बांधताना किंवा अंडी घालताना फार वर्दळ झाली तर जोडी सगळं टाकून निघून जाते. पिल्लं झाल्यावर मात्र सहसा सोडत नाहीत, जीव गुंतलेला असतो.

आता रोज एक याप्रमाणे दोन किंवा तीन अंडी होतील. गुलाबीसर, त्यावर तांबडे-जांभळट ठिपके. मग साधारण बारा ते चौदा दिवस उबवण आणि पिल्लं निघाल्यावर पुन्हा तेवढेच दिवस. म्हणजे महाराष्ट्र दिनाच्या आसपास तुमची दोरी मोकळी. पाणी नेहमीच्याच वेळी, खालून, मुळाशी घाला. फवारा नको. स्टूल ताबडतोब माळ्यावर टाका. लेकीला खोलीत, पडद्याआड खुर्ची द्या. पक्षी शेपूट झटकत कर्कश ओरडायला लागला की समजायचं आपण जास्त जवळ गेलोय.

आणि फोटो टाकलात तर सोसायटीचं नाव टाकू नका. घरट्याचा पत्ता पसरला की लेन्सवाले येतात. वेताळ टेकडीवर हा प्रकार बघून बघून कंटाळलोय.

माईआजी | ४ एप्रिल, सकाळी ६:१५

सावनी बाळा, वाचून बरं वाटलं. आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात भिंतीवरच्या प्रत्येक तसबिरीमागे चिमणीचं घर असायचं. तसबीर भिंतीपासून वर सुटलेली आणि खाली टेकलेली, त्या फटीत सगळा गवताचा पसारा. एकदा पंख्याच्या पात्याने चिमणा गेला. त्यानंतर माझ्या सासऱ्यांनी फाल्गुन ते जेष्ठ पंखा लावूच दिला नाही. आम्ही उकडून निघायचो, पण त्यांच्यापुढे बोलायची टाप नव्हती कुणाची.

आता तो वाडा पाडून इमारत झाली. गुळगुळीत भिंती आणि काचा. चिमणीने घर करायचं कुठे?

गंधार_७९ | ४ एप्रिल, सकाळी ९:३०

माई, चिमण्या मोबाईल टॉवरमुळे गेल्या ना?

टेकडीवाला | ४ एप्रिल, दुपारी १:१०

गंधार, हे सगळेच म्हणतात, पण तसा पक्का पुरावा नाही. माईंनी एका ओळीत खरं कारण सांगितलंय. कौलं, वळचणी, भिंतीतली भोकं गेली. दुसरं असं की चिमणी दाणे खाते, पण पिल्लांना सुरुवातीला किडे-अळ्याच लागतात. अंगणात पेव्हर ब्लॉक घातले, झुडपं काढली, औषध मारलं, तर अळी येणार कुठून? दाण्याची वाटी भरून ठेवणारे पुष्कळ आहेत, अळीला घरात थारा देणारा कोणी नाही.

२० मार्चच्या चिमणी दिनाला बरेच जण लाकडी खोकी वाटतात. चांगलंच आहे, फक्त भोक साधारण ३२ मिलिमीटरचं असू द्या आणि खोकं पश्चिमेच्या उन्हात टांगू नका. दुपारी आत भट्टी होते.

निशिगंधा | ४ एप्रिल, सायंकाळी ५:२०

आमच्याकडे बाणेरला शिंजीर (सनबर्ड)! दाराच्या बेलची जुनी वायर लोंबत होती, तिला लटकलेला कचऱ्याचा पुंजका दिसला. कामाच्या मावशींनी झाडू उचललाच होता. नशीब मी तेव्हा चहा घेत तिथेच उभी होते. त्या पुंजक्याला बाजूने एक भोक, भोकावर छोटासा सज्जा आणि आतून एक बारीक वाकडी चोच बाहेर.

बाहेरून पाहाल तर निव्वळ जळमट. सालींचे तुकडे, सुरवंटाची विष्ठा, कागदाचे कपटे, सगळं कोळ्याच्या धाग्याने चिकटवलेलं. आत मात्र मऊ कापूस. बांधते ती एकटी. साहेब जांभळा-पिवळा कोट घालून समोरच्या जास्वंदीवर बसून गातात. उबवतेही तीच. तोंडात घास घालायची वेळ आली की साहेब थोडा हातभार लावतात म्हणे.

बेल आता बंद केली आहे. दारावर चिठ्ठी लावली: 'कृपया कडी वाजवा.' कुरिअरवाले चिठ्ठी वाचत नाहीत, हा वेगळा धागा होईल.

पेठेतला | ४ एप्रिल, सायंकाळी ५:४४

बेल बंद आणि पाहुणे परत. शिंजीर पुण्याचाच दिसतोय.

बाणेरचा बापू | ७ एप्रिल, सकाळी ११:००

निशिगंधा, शेजारीच आहात! मदत हवी आहे मंडळी. आमच्या सोसायटीत पार्किंगवर गुलमोहराची एक जाड वाळकी फांदी आलीय. पावसाळ्याआधी छाटायची म्हणून शनिवारी माणसं येणार आहेत. आणि त्याच फांदीच्या खालच्या अंगाला, रुपयाच्या जुन्या नाण्याएवढं गोल भोक. सकाळपासून टुक् टुक् टुक् चाललंय. तांबट आहे का?

टेकडीवाला | ७ एप्रिल, दुपारी १२:१५

तांबटच. हिरवा, कपाळावर आणि गळ्याखाली लाल. तांब्याच्या भांड्यावर ठोका पडावा तसा आवाज, म्हणून तांबट. त्याला वाळकं लाकूडच लागतं, जिवंत फांदीत त्याची चोच चालत नाही. आपण झाड 'स्वच्छ' करतो म्हणजे नेमकं त्याचं घर कापतो. पुढच्या वर्षी तेच भोक एखाद्या आयत्या बिऱ्हाडाच्या उपयोगी पडतं, ते वेगळं.

दोन गोष्टी चेअरमनना दाखवा. १९७५ च्या राज्याच्या वृक्ष कायद्याप्रमाणे शहरातल्या झाडाला हात लावण्याआधी महापालिकेच्या वृक्ष विभागाची परवानगी लागते, ती घेतलीय का? आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यात रानपक्ष्यांची अंडी फोडणं, घरटं विस्कटणं हे शिकारीच्याच व्याख्येत बसतं. बंदूक लागत नाही त्याला.

बाणेरचा बापू | १३ एप्रिल, रात्री ८:३०

काय झालं ते सांगतो. परवानगी नव्हतीच. मीटिंगमध्ये मी कायदा काढला तर एक सदस्य म्हणाले, फांदी माझ्या गाडीवर पडली तर भरपाई तांबट देणार का? त्यांचंही खोटं नाही हो, फांदी खरंच वाळकी आहे. तासभर डोकी तापली. शेवटी ठरलं की त्या फांदीखालच्या तीन गाड्या जूनपर्यंत मागच्या बाजूला लावायच्या आणि खाली दोरी बांधायची. त्यातली एक गाडी माझी. मागे ऊन मरणाचं आहे.

छाटणारा माणूस शनिवारी आला. दुसऱ्या बाजूच्या चांगल्या हिरव्या दोन फांद्या मात्र तोडून गेला, कुणाला न विचारता. ते राहिलंच.

सावनी_को | २० एप्रिल, सकाळी १०:३५

धागा वर काढतेय. पिल्लं आली!! तीन अंडी होती, तिन्ही फुटली. पहिली दोन शुक्रवारी, तिसरं काल दुपारी.

इतकं कुरूप काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. डोळे मिटलेले, अंगावर कापूस नाही, पिसं नाही, नुसती गुलाबी कातडी आणि मध्ये एक मोठं पोट. पण वेल जरा हलला की तिन्ही माना वर आणि चोची चहाच्या कपासारख्या उघड्या, आतून केशरी-लाल.

आज रविवार म्हणून सात ते आठ पडद्यामागे बसून मोजलं. अकरा खेपा. दोघंही आणतात. बहुतेक हिरव्या अळ्या, एकदा टोळ, तो आधी ग्रिलवर आपटून आपटून मऊ केला. नवऱ्याची घाणीची काळजी पण मिटली. पिल्लू खाऊन झालं की पाठ वर करतं आणि पांढऱ्या पिशवीत बांधलेली शी बाहेर येते. आई ती चोचीत धरून लांब नेऊन टाकते, कधी गिळूनही टाकते. आमच्या लेकीचं डायपर आठवून नवरा म्हणाला, ही सोय आपल्याला का नव्हती.

एक काळजी आहे. दुपारी दोन ते चार गॅलरीत थेट ऊन येतं. काल पारा चाळीसवर होता. आई घरट्याच्या काठावर पंख अर्धे पसरून, चोच उघडी टाकून धापा टाकत उभी होती, पिल्लांवर सावली धरून. बघवत नव्हतं. ओली चादर बांधू का?

टेकडीवाला | २० एप्रिल, सकाळी ११:२०

ओली चादर वाऱ्याने फडफडली तर ती घाबरून आतच येणार नाही आणि मग पिल्लं उन्हात उघडी पडतील. ग्रिलच्या बाहेरच्या अंगाला, घरट्यापासून चार-पाच फूट लांब, बांबूची चीक (गुंडाळायचा पडदा) आहे का? ती सकाळी, आई चारा शोधायला गेलेली असताना अर्धीच सोडा आणि अर्धा तास बघा. आई आत यायला कचरली तर लगेच गुंडाळा. आणि मातीच्या पसरट थाळीत पाणी ठेवा, पण दुसऱ्या टोकाला. घरट्याजवळ पाणी ठेवलं की कावळ्यालाच आमंत्रण.

निशिगंधा | २० एप्रिल, दुपारी ३:०५

चहाच्या कपासारख्या चोची :)) आमच्या दोन पिल्लांच्या चोची सज्जातून बाहेर डोकावतात. मावशी आता रोज आल्या आल्या आधी तेच बघतात आणि मग झाडू हातात घेतात.

गंधार_७९ | २० एप्रिल, सायंकाळी ६:५०

आमच्या घरामागे कोकिळा दिवसभर ओरडतेय. ती येऊन सावनीताईंच्या बुलबुलाच्या घरट्यात अंडं घालणार नाही ना?

टेकडीवाला | २० एप्रिल, रात्री ९:१५

नाही. तिची नजर कावळ्याच्या घरट्यावर. आणि जो कुहू-कुहू ओरडतोय तो नर आहे, काळाभोर, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, आवाज नुसता किक्-किक्-किक्. बऱ्याचदा नर कावळ्यांना चिडवून मागे लावून घेतो आणि तेवढ्यात मादी अंडं घालून मोकळी होते. पावशा आणि चातक हेही याच बिरादरीतले, ते आपल्याकडे सातभाई पक्ष्यांच्या गळ्यात पोर मारतात.

कवितेत सगळं श्रेय कोकिळेला. सुगरणीचं उलटं. नाव बाईचं आणि विणतो बाप्या. पावसाळ्यात कवडी गावाच्या बाजूला बाभळीवर बघा, नर अर्धवट घरटी लटकवून पंख फडफडवत बसतात. मादी येते, आत शिरून पाहणी करते, पसंत पडलं तरच संसार. सालिम अलींनी १९३० साली अलिबागजवळ किहीमला बसून हे नीट टिपलं. एका नराचे दोन-तीन संसार असतात हेही तेव्हाच कळलं.

पेठेतला | २० एप्रिल, रात्री ९:३१

जागा पसंत पडल्याशिवाय होकार नाही. सुगरणीला पुण्यातले भाव माहीत दिसतात.

सावनी_को | २७ एप्रिल, दुपारी १२:००

वाईट बातमी आहे. सकाळी पावणेसातला प्रचंड आरडाओरडा ऐकून धावले. ग्रिलवर कावळा, दोन्ही बुलबुल त्याच्या डोक्यावर झेपावताहेत. मी टाळ्या वाजवत दार उघडलं तोवर तो एक पिल्लू घेऊन उडाला होता. सर्वांत धाकटं. समोरच्या नारळावर बसून... असो.

लेक हमसून हमसून रडली. 'आई, तू लवकर का नाही आलीस?' याला काय उत्तर देणार? सासूबाई अजून जेवल्या नाहीत. आणि बुलबुल? वीस मिनिटांत परत अळी घेऊन हजर, उरलेल्या दोघांना भरवायला. मला त्याचाच राग आला, खरं सांगू तर.

वाटसरू | २७ एप्रिल, दुपारी १२:४०

वाईट वाटलं. पण टाळ्या वाजवायला नको होत्या. कावळ्याच्याही घरट्यात आता पिल्लं आहेत. बुलबुलाने अळी मारली तेव्हा तुम्ही मोजत बसलात, कावळ्याने पिल्लू मारलं तेव्हा धावलात. निसर्गात ढवळाढवळ नको.

माईआजी | २७ एप्रिल, दुपारी १:०५

वाटसरू, तुमचं पुस्तकी बरोबर असेल. पण घरात सहा वर्षांचं पोर उभं असताना हात बांधून बघत राहणारी आई मला नाही आवडणार. सावनी, सासूबाईंना दोन घास खायला लाव.

टेकडीवाला | २७ एप्रिल, दुपारी २:३०

वाटसरूंचं तत्त्व रानात पाळावं, मी पाळतो. गॅलरीत वेल आपण लावला, कचरा टाकून कावळे आपण वाढवले, तिथे कसला निर्मळ निसर्ग? टाळी वाजवली तर वाजवली. फक्त आता वेलाला जाळ्या-बिळ्या बांधू नका. मोठे पक्षीच त्यात अडकतील. दहा-बारा दिवसांची असती तर तिघंही उडी मारून सटकली असती. आठव्या दिवशी हातात काहीच नसतं.

सावनी_को | ३० एप्रिल, सकाळी ७:५०

तातडीने!! एक पिल्लू खाली गॅलरीच्या फरशीवर आहे. अंगावर पिसं आलीत, शेपूट अगदी आखूड. टुणटुण उड्या मारतंय, उडता येत नाही. हात लावू का? आई टाकून देते ना मग? दूध-पाव देऊ?

टेकडीवाला | ३० एप्रिल, सकाळी ७:५८

दूध-पाव अजिबात नको, पाणीही चोचीत सोडू नका. श्वासनळीत जाऊन गुदमरेल. माणसाच्या हाताच्या वासाने आई टाकते हे खोटं आहे. पण तुम्हाला हात लावायची गरजही नाही. पिसं आलेलं, उड्या मारणारं पिल्लू पडलेलं नसतं, निघालेलं असतं. बुलबुल उडायला शिकण्याच्या आधीच घरटं सोडतात. दार लावून आत जा, आईबाप तिथेच येऊन भरवतील.

उघडंनागडं, डोळे मिटलेलं पिल्लू पडलं असतं तर उचलून घरट्यात ठेवा असंच सांगितलं असतं. आणि जखमी असेल तर वनविभागाला १९२६ वर फोन.

सावनी_को | ३० एप्रिल, सकाळी ८:४०

आली! कुंडीमागे जाऊन भरवलं!! हात थरथरताहेत माझे, ऑफिसला उशीर.

सावनी_को | १ मे, रात्री ८:१५

सुट्टी होती म्हणून सगळं बघता आलं. सकाळी दुसरंही बाहेर पडलं. दोघं ग्रिलवर शेजारी शेजारी, अंग फुगवून. आई समोरच्या बोगनवेलीवर चोचीत काहीतरी धरून बसली आणि देईचना. नुसती दाखवायची. अर्धा तास हेच. मग मोठ्याने झेप घेतली. झेप कसली, दगड टाकावा तसं तिरकं खाली गेलं आणि बोगनवेलीत अडकलं. धाकट्याने आधी दोन चकरा ग्रिलवरच मारल्या, मागे वळून घरट्याकडे गेलं, परत आलं आणि मग गेलं.

खाली पार्किंगमध्ये एक बोका असतो, हे मी विसरलेच होते. आमचे वॉचमनकाका दुपारभर बोगनवेलीपाशी काठी घेऊन खुर्ची टाकून बसले. कुणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी चहा घेऊन गेले तर म्हणाले, 'ताई, दोन्ही वर फांदीत हायेत, मोजलीत मी.'

निशिगंधा | १ मे, रात्री ८:५०

वाचताना श्वास रोखला होता. आमची दोन्ही सोमवारीच गेली, कधी ते कळलंही नाही. सकाळी पुंजका नुसताच वाऱ्याने हलत होता. मावशींनी विचारलं, आता काढू का? मीच नको म्हटलं.

बाणेरचा बापू | ३ मे, दुपारी १२:१०

तांबटाचं अजून बाकी आहे. भोकातून दोन डोकी आळीपाळीने बाहेर येतात. अंडी घातल्यापासून उडेपर्यंत सहज दीड महिना लागतो म्हणे त्यांना. ज्यांनी भरपाई विचारली होती ते सदस्य काल त्यांच्या नातवाला घेऊन फांदीखाली उभे होते. मी काही बोललो नाही. गाडी अजून उन्हातच आहे.

पेठेतला | ९ मे, रात्री १०:२०

सावनीताई, मूळ मुद्दा राहिला. कपडे?

सावनी_को | १० मे, सकाळी ७:०५

गच्चीवरच. परवा दोरी पुसून ठेवली होती. घरटं काढून टाकावं म्हणून स्टूलही माळ्यावरून खाली आणलं.

आज सकाळी वेलाच्या दुसऱ्या टोकाला, पार एसीच्या पाइपाजवळ, एक काडी आडवी अडकवलेली दिसली. मी बघत असतानाच दुसरी आली.

स्टूल परत माळ्यावर.